सासऱ्यांना ट्यूनाला न्यायचंय, जर्सीतून कुठली बोट धरावी?

एडिसनचा_जावई

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा लांबलचक आहे, सांभाळून घ्या. सासू-सासरे जुलैत आलेत, ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत आहेत. सासरे हर्णैचे, उभं आयुष्य बोटीवर तांडेल, म्हणजे बोटीचा म्होरक्या, म्हणून गेलं, आता बोट मेव्हणा बघतो. वय ६८, बीपीची गोळी सोडली तर तब्येत ठणठणीत, माझ्यापेक्षा भारी. पण इथे आल्यापासून माणूस पार कंटाळलाय हो. ब्रिजवॉटरचं बालाजी मंदिर झालं, नायगारा झाला, ओक ट्री रोडवर फेऱ्या मारून झाल्या, आता रोज सकाळी बाल्कनीत उभं राहून वारा कुठून येतोय ते बघतात आणि आत येऊन टीव्ही लावतात.

परवा पॉइंट प्लेझंट बीचला बोर्डवॉकवर नेलं होतं. पोरं राइडवर, आणि बाबा मॅनास्क्वान इनलेटच्या दगडांवर जाऊन बसले ते उठायला तयार नाहीत. आत येणारी प्रत्येक बोट बघायची, इंजिन कुठलं असेल, माणसं किती, मागे एवढ्या काठ्या कशाला लावल्यात. मग धक्क्यावर एका चार्टर बोटीवरून ट्यूना उतरवत होते तिथे घुसले. एकेक चांगला ५०-६० पौंडांचा असेल. 'कुपाच की हा' म्हणाले, आणि कुप्याचे एवढे लाड कशाला ते त्यांना कळेना, कारण एकेक मासा नीट बर्फात पुरलेला. मी सांगितलं की ही माणसं पैसे भरून गेली होती, तर मोठ्याने हसले. 'पैसे देऊन मासे मारायला जायचं? आणि वर खलाशाला बक्षिसी?' मला वाटलं विषय संपला. तर काल जेवताना हळूच विचारतात, 'किती वाव पाण्यात जातात हो ते?' म्हटलं, समजलो.

तर आता विचारायचंय ते असं की सहा जणांची प्रायव्हेट चार्टर करावी का माणशी तिकिटाची मोठी पार्टी बोट, रात्रभराची ट्रिप त्यांना झेपेल का दिवसाचीच बघू, व्हिजिटर व्हिसावरच्या माणसाला मासेमारीचं लायसन्स काढावं लागतं का, आणि मला स्वतःला लिबर्टी आयलंडच्या फेरीतसुद्धा मळमळतं त्याचं काय करू. बजेट फार ताणायचं नाही पण सासरे आहेत, कंजूषपणाही करता येत नाही. 😅

कॅन्यनवाला_मिडलटाऊन

लायसन्सचं आधी उरकतो. न्यू जर्सीत खाऱ्या पाण्यातल्या मासेमारीला लायसन्स नाही, फुकटातली एक नोंदणी असते आणि चार्टर किंवा पार्टी बोटीवर गेलात तर तीही तुम्हाला लागत नाही. ट्यूनासाठी फेडरल परमिट लागतं पण ते बोटीचं असतं, ती कॅप्टनची डोकेदुखी. बाबांना बिनधास्त न्या.

आता त्यांचा खरा प्रश्न, किती वाव. त्यांना सांगा की इथला समुद्रतळ हर्णैसारखाच लांबवर उथळ जातो, ७०-८० मैल गेलं तरी पाणी फार खोल होत नाही, आणि मग शंभर वावांची, म्हणजे साधारण सहाशे फुटांची, कड लागते आणि तिथून तळ एकदम कोसळतो. त्या कडेला ज्या घळी आहेत त्या ह्या कॅन्यन, हडसन, टॉम्स वगैरे. हडसन कॅन्यनची घळ तर थेट हडसन नदीच्या रेषेत आहे, हिमयुगात समुद्र खाली गेलेला तेव्हा नदी तिथपर्यंत वाहायची. उन्हाळ्यात गल्फ स्ट्रीमपासून गरम पाण्याचे भोवरे सुटतात आणि या कडेला येऊन टेकतात, हिरवं गार पाणी संपून निळं गरम पाणी सुरू होतं ती रेघ डोळ्यांनी दिसते, आणि त्या रेघेवर माकूल, बारीक मासळी आणि त्यांच्यामागे ट्यूना. कॅप्टन लोक आदल्या दिवशी उपग्रहाचे तापमानाचे नकाशे घेऊन बसलेले असतात ते याच रेघेसाठी. बाबांना हे सांगाल तर तुम्हालाच चार गोष्टी शिकवतील.

माझं मत स्पष्ट आहे, सहा जणांची चार्टर करा आणि रात्रभराची करू नका. सहाचं असं आहे की कोस्ट गार्डच्या नियमाने छोट्या चार्टर बोटीवर पैसे भरणारे सहाच प्रवासी चालतात, म्हणून तिला सिक्स-पॅक म्हणतात, म्हणजे पूर्ण बोट तुमची. पहाटे दोन-तीनला निघायचं, बोट २०-२५ नॉटने पळते, फटफटायच्या सुमाराला पाण्यात दोऱ्या. संध्याकाळी घरी. पार्टी बोट संथ जाते, जायलाच सहा-सात तास, मग रात्रभर मासेमारी, मग पुन्हा तेवढेच तास परत. ६८ वर्षांचा माणूस झेपवेल हो, पण बंकवर झोप कोणालाच येत नाही.

भाव बोटीवर, अंतरावर आणि डिझेलवर ठरतो. कॅन्यनपर्यंतच्या चार्टरला काही हजार डॉलर धरूनच चाला, सहा जणांत वाटा. शिवाय मेटला, म्हणजे कॅप्टनच्या हाताखालच्या खलाशाला, १५-२० टक्के टीप, ती बक्षिसी नाही, बऱ्याच बोटींवर त्याची कमाईच मुख्यतः तेवढी असते. बाबांना समजावताना खलाशाचा वाटा म्हणा, लगेच पटेल.

बुक करायच्या आधी फोनवर दोन गोष्टी विचाराच. एक, हवा खराब झाली तर ॲडव्हान्सचं काय, पुढची तारीख देतात का पैसे परत. दुसरी, मासा कोणाचा. यलोफिन जातीच्या ट्यूनाला बहुतेक ठिकाणी वाद नसतो, तुमचा मासा तुमचा. पण ब्लूफिन जातीचा मोठा ट्यूना लागला तर काही बोटी तो स्वतःकडे ठेवतात, कारण त्यांच्याकडे विकायची परवानगी असते आणि तुम्हाला विकता येत नाही. तुम्ही दोन तास हात मोडून घ्यायचे आणि मासा जायचा ट्रकमधून, आधी माहीत असलं तर ठीक आहे नाहीतर धक्क्यावर तमाशा होतो. बघितलाय.

खाडीवाला

वरच्या सगळ्याला मान आहे पण कॅन्यनवाल्यांनी बाबांचा विचार केलेला दिसत नाही. दिवसाच्या चार्टरवर काय होतं? ट्रोलिंग. बोट सहा-सात नॉटने चालत राहते, मागे स्प्रेडर बार (आमिषं टांगलेल्या दांड्या) आणि बॅलीहू (आमिषाचे छोटे मासे) सोडलेले, सगळं मेट करतो, आणि सहा गिऱ्हाइकं सावलीत सँडविच खात बसलेली. रीळ ओरडलं की ज्याचा नंबर त्याने उठायचं आणि हँडल फिरवायचं. आयुष्यभर तांडेलकी केलेल्या माणसाला तिथे बसवून ठेवणार? अर्ध्या तासात मेटच्या हातातलं काम काढून घेतील.

त्यांना चंकिंगला न्या. बोट नांगरावर किंवा वाहतीवर, बटरफिशचे तुकडे थोडे थोडे सारखे पाण्यात सोडत राहायचे, त्या तुकड्यांच्या मागे मासा वर येतो, आणि त्यातल्याच एका तुकड्यात तुमचा गळ. दोरी हाताने सोडायची, तुकडा बाकीच्या तुकड्यांच्याच गतीने खाली गेला पाहिजे. जरा ताण आला की मासा तोंड लावत नाही, डोळे तेज असतात त्याचे, म्हणून गळाजवळची दोरी दिसेनाशी, फ्लुरोकार्बनची. हे हाताचं काम आहे आणि हे बाबांना मुळात येत असणार. पार्टी बोटीवर हेच चालतं, प्रत्येकाच्या हातात स्वतःची काठी. सप्टेंबर-ऑक्टोबर चंकिंगचा भर सीझन.

कॅन्यनवाला_मिडलटाऊन

@खाडीवाला चंकिंगचा मुद्दा शंभर टक्के मान्य. पण त्यासाठी पार्टी बोट कशाला? वीस-पंचवीस माणसं कठड्याला चिकटून, एकाला मासा लागला की तो बोटीला गोल चक्कर मारतो आणि दहा जणांच्या दोऱ्यांची वेणी. मागच्या सीझनला मी एका बोटीवर होतो, नाव घेत नाही, शेजारच्याने गुंता सोडवायचे कष्ट न घेता सरळ माझी दोरी कापली, मासा त्याच दोरीवर होता. मेट म्हणाला इट हॅपन्स. चार्टरवाल्याला फोनवर सांगता येतं की आम्हाला ट्रोल कमी आणि चंक जास्त करायचंय, चांगला कॅप्टन ऐकतो. मात्र दिवसा चंकवर मासा येईलच असं नाही, ते कॅप्टनवर सोडा.

खाडीवाला

दोरी कापणारे चार्टरवरही असतात, फक्त ते तुमचे मित्र असतात 😄

प्लेन्सबरोची_मीनल

मी फार्मसीत आहे म्हणून फक्त मळमळीवर. मेक्लिझिनची गोळी काउंटरवर मिळते, बोनीन वगैरे नावाने. ती बोट हलायला लागल्यावर घेऊन उपयोग नसतो, आदल्या रात्री एक आणि निघायच्या तासभर आधी एक, असं बरेच जण करतात, पण पाकिटावरचा दिवसाचा डोस ओलांडू नका. झोप येते, म्हणून आधी एकदा घरी घेऊन बघा. कानामागचा स्कोपोलामाइनचा पॅच जास्त चालतो पण त्याला प्रिस्क्रिप्शन लागतं, आणि काचबिंदू असेल किंवा प्रोस्टेटमुळे लघवीला अडथळा असेल तर तो धोक्याचा, त्यामुळे तुम्हाला दिलेला पॅच "बाबा तुम्ही पण लावा" म्हणून त्यांना चिकटवू नका प्लीज. त्यांना गरज पडणार नाही असं वाटतंय. त्यांच्या बीपीच्या गोळ्या डब्यासकट बरोबर ठेवा आणि व्हिजिटर इन्शुरन्सचं कार्डही. रात्री तेलकट नको, सकाळी उपाशीही नको. आणि केबिनमध्ये शिरू नका, बाहेर उभं राहून क्षितिज बघा.

मालवणी_खेकडो

मालवणसून लिवतंय, आमच्याकडे कुपो सुरमयच्या निम्म्या भावात पन कोण इचारना नाय आनि थय लोक त्याच्यासाटी रात रात जागतत, ऐकून गंमत वाटली. सिरियसली सांगायचं तर त्यात कुप्याचा दोष कमी आणि आपला जास्त. आमच्याकडे तो सुरमईच्या जाळ्यात येतो, जाळ्यातच तास न् तास धडपडून मरतो, मग बोटीवर ढिगात, बर्फ मिळाला तर मिळाला. मांस काळपट पडतं, वास येतो, कोणाला अंगावर पुरळ उठतं आणि मग लोक म्हणतात कुपा उष्ण. हर्णैच्या लिलावातही कुप्याचा ढीग शेवटालाच बोलत असणार, विचारा त्यांना. आमच्या इथे पर्यटकांना गळाने मासे धरायला नेणाऱ्या होड्या आहेत, पण किनाऱ्याच्या खडकांपर्यंतच. अंग्रिया बँकेपर्यंत, विजयदुर्गच्या पश्चिमेला शंभर-एक किलोमीटर, पर्यटक घेऊन कोण जाणार आणि परवानग्या कोण काढणार.

वाटणघाटण

वरती खेकडोभाऊ म्हणतात ते अगदी बरोबर, मला बर्फावरच बोलायचंय कारण आमच्याकडे नवरा पकडून आणतो आणि पुढचं सगळं माझ्या ओट्यावर. ट्यूनाचं अंग बाकी माशांसारखं थंड नसतं, रक्तवाहिन्यांची एक दाट जाळी असते आत, ती स्नायूंची ऊब बाहेर जाऊच देत नाही. त्यात तो अर्धा-पाऊण तास झुंजलेला. बोटीवर आला की कातडीवर हात ठेवून बघा, अक्षरशः कोमट लागतो. तो तसाच पडू दिला तर आतून शिजल्यासारखा होतो आणि त्यात हिस्टामाइन तयार होतं, पुरळ उठतं ते त्याने, आणि एकदा झालं की शिजवून, तळून, व्हिनेगर घालून कशानेही जात नाही. म्हणून मेट लगेच कल्ल्यांपाशी आणि बाजूच्या पराच्या मागे चीर देऊन रक्त काढतो, आतडी काढतो आणि बर्फ अधिक समुद्राचं पाणी अशा लगद्यात पूर्ण बुडवतो. नुसत्या बर्फाच्या खड्यांवर ठेवण्यापेक्षा लगद्यात फार लवकर गार होतो.

धक्क्यावर मेट चार लांब तुकडे करून देतो. मधली काळपट लाल पट्टी असते ती घरी नीट काढून टाका, आपल्या माणसांना ट्यूनाचा जो वास नको असतो तो बराचसा तिचाच. ५० पौंडांच्या माशाचं निम्म्याहून थोडं जास्त हातात येतं. डोकं आणि मानेजवळचा भाग मागून घ्या, ते लोक फेकतात, तिखल्याला त्याच्याइतकं गोड काही नाही, आणि तिरफळं सासूबाईंनी आणलीच असतील बॅगेतून. मात्र लोइनचा, म्हणजे त्या लांब तुकड्यांचा, रस्सा जास्त उकळू नका, दोन-तीन मिनिटांत रबर होतो, वाटण आधी पूर्ण शिजवून घ्या आणि मासा शेवटी सोडा.

घरात कोणी गरोदर असेल किंवा लहान मुलं असतील तर कुठला ट्यूना ते बघा. बिगआय जातीचा ट्यूना एफडीएच्या (अमेरिकेच्या अन्न-औषध खात्याच्या) टाळायच्या यादीत आहे, पारा जास्त. यलोफिन आठवड्यातून एकदा चालतो.

एडिसनचा_जावई

बाप रे, एवढी उत्तरं. सगळ्यांचे आभार. संध्याकाळी बाबांना एकेक वाचून दाखवलं. कोमट माशाचं ऐकून म्हणाले, 'ते खरं आहे, हात भाजल्यासारखा होतो, पण बर्फ सुरमईलाच पुरत नाही तिथे कुप्याला कुठून घालणार.' लिलावाचंही बरोबर निघालं. आणि ट्रोलिंगबद्दल खाडीवाल्यांचं तंतोतंत, 'मी काय पाहुणा म्हणून बसून राहू?' कापलेल्या दोरीचा किस्सा ऐकून मात्र पार्टी बोट एकमताने बाद.

दोन चार्टरवाल्यांशी बोललो. एकाने मासा कोणाचा हे विचारल्यावर सरळ उत्तरच दिलं नाही. दुसरा म्हणाला यलोफिन सगळे तुमचे, माणशी तीनची लिमिट आहे आणि २७ इंचांच्या खालचा परत सोडायचा, ब्लूफिनचं बोटीमागे किती ते सीझनमध्ये मधेच बदलतं आणि कधी बंदही करतात, त्या दिवशी जे असेल ते. सासरे तांडेल आहेत सांगितल्यावर तर तो खूशच झाला, म्हणाला त्यांना माझ्या शेजारी उभं करतो. चंकिंग करायला तयार आहे. सप्टेंबरचा तिसरा आठवडा बघतोय. एकच शंका, हवा कशी ठरवतात? बाबा माझ्या फोनवरचं वेदर ॲप बघून हसतात.

कॅन्यनवाला_मिडलटाऊन

ॲपला हसतात ते योग्यच आहे, ते किनाऱ्याचं असतं. नोआचा (अमेरिकेच्या हवामान-समुद्र खात्याचा) बोया, म्हणजे समुद्रात तरंगणारं मोजमाप यंत्र, बघा, नंबर ४४०६६, जर्सीच्या किनाऱ्यापासून ७५ नॉटिकल मैलांवर आहे, म्हणजे तुम्ही जाणार त्याच टापूत. नाव टेक्सास टॉवर. तिथे हवाई दलाचा रडारचा मनोरा होता, समुद्रात लोखंडी पायांवर उभा केलेला, जानेवारी १९६१ च्या वादळात कोसळला आणि त्यावरचे २८ च्या २८ जण गेले. त्याचा सांगाडा अजून खाली आहे आणि त्याच्यावर मासळी धरते, म्हणून बोटीही जातात.

बोयावर लाटेची उंची बघायची तशी दोन लाटांमधली सेकंदंही बघायची. चार फूट नऊ सेकंदांवर म्हणजे पाळण्यात झोपल्यासारखं, तेच चार फूट पाच सेकंदांवर असेल तर तुमची गोळी बिनकामाची. वारा १५ नॉटच्या वर सांगितला असेल तर तुम्ही स्वतःच फोन करून तारीख बदलून मागा. आणि कॅप्टन आदल्या रात्री आठला फोन करून नाही म्हणाला तर त्याच्याशी हुज्जत घालू नका, त्याचाही दिवसाचा धंदा बुडतोय आणि तरी तो नाही म्हणतोय.

खाडीवाला

आणि केळी नेऊ नका. मस्करी नाही करत. इकडच्या बोटींवर केळं म्हणजे अपशकुन, काही कॅप्टन बॅग बघून बाहेर काढायला लावतात. केळ्याचे वेफर्सही नको, उगाच कशाला.

एडिसनचा_जावई

हे वाचून दाखवल्यावर बाबा अजिबात हसले नाहीत. 'त्याची बोट, त्याचा नियम' म्हणाले, आणि सासूबाईंना वेफर्स बॅगेतून काढायला लावले. त्यांना वेगळीच खंत आहे, नारळी पौर्णिमा इथे एडिसनमध्ये गेली, समुद्राला नारळ दिला नाही, आता बोटीवरून सोडला तर चालेल का विचारा म्हणतात. विचारलं. कॅप्टन म्हणाला नारळाला माझी हरकत नाही, प्लास्टिक काही टाकू नका.

बोयाचं पान नातीने त्यांच्या फोनवर लावून दिलंय. आज सकाळी सात वाजता मला उठवून सांगितलं, 'सहा फूट, सहा सेकंद, आज कोण गेलं असेल तर मूर्ख.'

आता आम्ही पाच झालो, मी, बाबा, ऑफिसमधले दोघे आणि बायकोचा आतेभाऊ. सहावी जागा रिकामी आहे, खर्चात वाटा घेणारं कोणी असेल तर निरोप करा. आणि कूलर केवढा आणू? घरी आहे तो पिकनिकचा आहे, त्यात कोकचे कॅन बसतात तेवढेच.

खाडीवाला

सहावा मी. तारीख पक्की झाली की सांगा, गाडीही माझीच घेऊ, मागे जागा आहे. बोटीवर कूलर आणू नका, पाय ठेवायला जागा राहत नाही, मासे त्यांच्या फिश बॉक्समध्ये असतात. आपले कूलर गाडीत. माझा १२० क्वार्टचा आहे, तसलाच अजून एक कोणाकडून तरी मागून आणा आणि परतताना रस्त्यात बर्फ शोधत फिरायला नको म्हणून दोन्ही सकाळीच भरून ठेवू. एक अट, पहिली काठी बाबांना.

कॅन्यनवाला_मिडलटाऊन

काठी देताना ड्रॅगचं, म्हणजे रिळाच्या ब्रेकचं, सांगा त्यांना. हाताने दोरी धरायची सवय असलेली माणसं रिळावर अंगठा दाबतात. मासा पळायला लागला की पळू द्यायचा, अंगठा लावला तर कातडी सोलून निघेल. शेवटी बोटीखाली गोल गोल फिरायला लागतो तेव्हा त्याच्याबरोबर कठड्याने चालत राहायचं, आणि मेटने गॅफ (लांब दांड्याचा आकडा) मारेपर्यंत दोरी ढिली पडू द्यायची नाही. दोन जोड हातमोजे न्या, एक ओला होतो.